तळ्याकाठची उन्हाळी घरं आणि फ्रँक लॉईड राइट

फ्रँक लॉईड राइट हे नाव घेतलं की पेनसिल्व्हानियातलं धबधब्यावर बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ आणि न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय आठवतं. वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकांत ही दोन चित्रं हटकून असतात. याच माणसाने उमेदीच्या काळात आणि पुन्हा आयुष्याच्या अगदी अखेरीला तळ्यांच्या काठी उन्हाळी घरं उभारली. बहुतेक लाकडी, साधी, कमी खर्चातली. त्यांची चर्चा क्वचितच होते. राइट समजून घ्यायला मला मात्र हीच घरं जास्त उपयोगी वाटतात. शहरातल्या घराला दिवाणखाना हवा, पाहुण्यांपुढे मिरवायला जिना हवा, नोकरांची वाट वेगळी हवी. उन्हाळी घराकडून मालकाची अपेक्षा एवढीच असते की पडवीत बसावं, वारा यावा आणि समोर पाणी दिसावं. एवढ्याशा मागणीतून एक मोठा वास्तुकार काय काय काढतो, ते इथे उघड दिसतं.

शिकागोचा उन्हाळा

राइट यांचा जन्म 1867 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड सेंटर या गावचा. विशी गाठता गाठता ते शिकागोला आले, वास्तुकार लुईस सलिव्हन यांच्या कचेरीत घडले आणि 1893 मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. ओक पार्क या उपनगरात त्यांचं राहतं घर होतं आणि त्याला लागूनच कामाची जागा. शिकागोचे व्यापारी, कारखानदार, कंपन्यांतले वरचे अधिकारी हे त्यांचे गिऱ्हाईक.

1900 मध्ये शिकागोची वस्ती 17 लाखांच्या घरात पोचली होती. कत्तलखाने, पोलादाचे कारखाने, कोळशाचा धूर आणि दमट उकाडा. शहराचं सांडपाणी नदीत जायचं, नदी मिशिगन सरोवराला मिळायची, आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून यायचं. विषमज्वराची भीती कायमची होती. शेवटी 1900 च्या जानेवारीत मोठा कालवा सुरू करून नदीचा प्रवाहच उलट दिशेला वळवण्यात आला. अशा शहरातून उन्हाळ्यापुरतं बाहेर पडणं ही ज्यांना परवडेल त्यांच्या दृष्टीने चैन कमी आणि गरज अधिक होती.

बाहेर पडायची सोय रेल्वेने केली. शिकागोच्या उत्तरेला राज्याची सीमा ओलांडली की विस्कॉन्सिनची तळी सुरू होतात. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी जमीन खरवडून काढली, मागे खळगे राहिले, त्यांत पाणी साचलं. यांतलं लेक जिनीव्हा हे तळं शिकागोच्या बड्या धनिकांनी आधीच व्यापलं होतं. 1871 च्या मोठ्या आगीनंतर अनेक श्रीमंत कुटुंबं तिकडे राहायला गेली आणि काठाकाठाने महाल उभे राहिले. जवळच असलेलं डेलव्हन तळं त्या मानाने साधं होतं. शिकागोपासून सुमारे 130 किलोमीटरवर, पसारा साधारण 2,000 एकर. बायका-मुलं शाळा सुटल्यावर इथे येऊन राहायची, कर्ते पुरुष आठवडाभर शहरात काम करून शनिवारची गाडी पकडायचे.

   

डेलव्हनची पाच घरं

1900 ते 1905 या पाच-सहा वर्षांत राइट यांनी डेलव्हन तळ्याच्या दक्षिण काठावर पाच घरं बांधली. पहिली दोन हेन्री वॉलिस आणि फ्रेड जोन्स यांची, 1900 च्या सुमाराची. 1902 मध्ये जॉर्ज स्पेन्सर आणि चार्ल्स रॉस यांची, आणि शेवटचं 1905 चं ए. पी. जॉन्सन यांचं. तळ्यावरच्या यॉट क्लबची इमारतही त्यांनीच आखली होती, ती आता उरलेली नाही. पाचही घरं मात्र उभी आहेत.

ही वर्षं महत्त्वाची आहेत. याच सुमारास राइट यांची स्वतःची शैली आकार घेत होती, जिला पुढे ‘प्रेअरी’ शैली म्हटलं गेलं. अमेरिकेच्या मध्यभागातली सपाट गवताळ माळरानं म्हणजे प्रेअरी. त्या सपाटीला शोभेल असं जमिनीलगत पसरलेलं घर, त्यावर उतरतं बुटकं छप्पर, लांब वळचणी, ओळीने लावलेल्या खिडक्या आणि मधोमध विटांची किंवा दगडाची चूल. या कल्पना 1900 च्या आसपास कागदावर आल्या, शिकागोच्या उपनगरांत मोठ्या घरांमधून त्यांना पूर्ण रूप मिळालं. डेलव्हनच्या काठावर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालत गेलं, तर ही शैली पायरीपायरीने कशी घडली ते दिसतं. सुरुवातीच्या घरांत छप्परं उंच आहेत, कमानी आहेत, काही जुन्या सवयी आहेत. जॉन्सन यांच्या घरापर्यंत पोचेपर्यंत छप्पर खाली उतरलेलं आहे, रचना दोन्ही बाजूंना समतोल पसरली आहे आणि खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांची नक्षी आली आहे.

या जॉन्सन यांच्या घराबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. काम कसं झालंय ते पाहायला राइट येत होते, तेव्हा घराला पांढरा रंग दिलेला त्यांना लांबूनच दिसला. ते तिथूनच परत फिरले आणि पुन्हा कधी त्या घराकडे फिरकले नाहीत. गोष्ट खरी असो किंवा नसो, ती त्यांच्या स्वभावाला धरून आहे. लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे, दगड दगडासारखा, हा त्यांचा आग्रह होता. फळ्यांवर तेल किंवा गडद रंगाचं पातळ पाणी चालायचं, जेणेकरून रेषा दिसत राहतील आणि घर झाडांच्या खोडांमध्ये मिसळून जाईल. पांढऱ्या रंगाने तेच घर झाडीतून पुढे येऊन उभं राहतं. तळ्यावरून पाहणाऱ्याच्या नजरेत ते खुपतं. या मुद्द्यावर मी पूर्णपणे राइट यांच्या बाजूने आहे.

पेनवर्न

पाचांतलं सर्वांत मोठं आणि देखणं घर फ्रेड जोन्स यांचं. त्याचं नाव पेनवर्न. जोन्स हे शिकागोच्या ॲडम्स अँड वेस्टलेक या कंपनीतले वरिष्ठ अधिकारी. ही कंपनी रेल्वेचे कंदील आणि पितळी सामान बनवायची. जोन्स अविवाहित होते आणि माणसांचे शौकीन. त्यांना घर हवं होतं ते मित्रांना बोलावण्यासाठी. म्हणून राइट यांनी त्यांच्यासाठी एका घराऐवजी चार इमारतींचा छोटा वाडाच आखला: मुख्य घर, पाण्यालगत बोटघर, घोड्यांचा तबेला आणि प्रवेशद्वारापाशी रखवालदाराचं घर.

मुख्य घर तळ्याकडे तोंड करून उभं आहे. समोरच्या पडवीवर एक लांब, चपटी कमान आहे. एवढं रुंद अंतर एकाच कमानीने पेललं आहे की पडवीत बसलेल्याच्या आणि पाण्याच्या मध्ये खांब येत नाही. ही कमान सलिव्हन यांच्या कचेरीतली शिदोरी. पुढे राइट यांनी आपल्या घरांतून कमानी जवळजवळ हद्दपार केल्या, पण इथे त्या मनापासून वापरल्या आहेत. पायथ्याला आणि पडवीच्या आधाराला वापरलेले दगड घडवलेले नाहीत. हिमनद्यांनी घासून गोल केलेले, आसपासच्या शेतांत नांगराला अडणारे गोटे आहेत ते. शेतकऱ्याला नको असलेला दगड घराचा पाया झाला. एका बाजूला मनोरा आहे, तो घराला जोडलेला आहे. त्यात जोन्स आणि त्यांची मित्रमंडळी पत्ते खेळत बसायची असं सांगतात.

जोन्स 1933 मध्ये वारले. नंतरच्या मालकांनी गरजेप्रमाणे घराला खोल्या जोडल्या. बोटघर 1970 च्या दशकात आगीत गेलं. पुढे 1990 च्या दशकात आलेल्या मालकांनी मागून जोडलेले भाग काढून टाकले, जुन्या आराखड्यांवरून घर मूळ रूपात आणलं, आणि 2005 मध्ये बोटघरही राइट यांच्या रेखाटनावरून पुन्हा बांधलं. नव्याने बांधलेली वास्तू मूळची मानावी का, असा वाद संवर्धनाच्या क्षेत्रात नेहमी असतो. इथे मला त्यात दम वाटत नाही. बोटघर नसताना मुख्य घराची कमान पाण्याशी एकटीच बोलत होती, घराची आणि बोटघराची अशा दोन कमानी एकमेकींना उत्तर देतात तेव्हाच सगळी मांडणी उलगडते.

फळ्या, वळचण आणि चूल

ही घरं थंड कशी राहायची आणि स्वस्तात कशी उभी राहायची, हे समजायला त्यांची भिंत जवळून पाहावी.

उन्हाळी घराची भिंत साधी असायची. लाकडी सांगाडा, त्यावर उभ्या फळ्या, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर बाहेरून ठोकलेली अरुंद पट्टी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पट्टी त्या हालचालीला वाव देते आणि फटीतून पाणी आत जाऊ देत नाही. फळ्या रंधा न मारलेल्या, थेट गिरणीतून कापून आलेल्या चालायच्या. कामगार गावचा सुतार. शिकागोहून कारागीर आणायची गरज नसे. कोठारं बांधायची ही पद्धत शेतकऱ्यांना माहीतच होती. राइट यांनी तीच घेतली, पट्ट्यांमधलं अंतर मोजून ठरवलं, खिडक्या त्या अंतरात चपखल बसवल्या, आणि कोठाराची भिंत शिस्तबद्ध दिसू लागली. रॉस यांचं घर असंच उभ्या फळ्यांचं, मुळात गडद तपकिरी.

छप्पराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते. दुपारचं उभं ऊन खिडकीपर्यंत पोचत नाही आणि पावसाच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, म्हणून खालच्या फळ्या कुजत नाहीत. कोकणातल्या घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तळं घरांच्या उत्तरेला असल्याने पडवी दिवसाचा बराच वेळ सावलीत राहते, आणि बसलेल्याला सूर्य डोळ्यांवर न घेता उजळलेलं पाणी बघता येतं.

खिडक्यांबाबत राइट हट्टी होते. त्या काळी अमेरिकेत वर सरकवायच्या खिडक्या रूढ होत्या, ज्यांतून फार तर अर्धी जागा उघडी मिळते. राइट यांना त्या मुळीच आवडत नसत. ते बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या, आपल्याकडच्यासारख्या खिडक्या लावत आणि त्यांची ओळ करत. सगळ्या उघडल्या की भिंतीच्या जागी वाराच वारा. खिडक्यांची ही पट्टी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेचा विचार करून बेतलेली असे.

चूल मात्र कधी कडेला जात नाही. विस्कॉन्सिनमध्ये ऑगस्टच्या रात्रीही गारवा असतो, पावसाळी दिवशी तर घरभर ओल जाणवते. चूल मधोमध ठेवली की तिच्या भोवती बसायची, जेवायची, वाचायची जागा आपोआप लागते, आणि मधल्या भिंती गाळता येतात. झोपायच्या खोल्या त्यांनी मुद्दाम लहान ठेवल्या. दिवसा माणसाने खोलीत बसू नये, बाहेर यावं, असा त्यामागचा स्पष्ट विचार होता.

या बांधणीतच पुढच्या अडचणीचं मूळ आहे. एका फळीची भिंत विस्कॉन्सिनच्या हिवाळ्याला पुरी पडत नाही. तळं गोठतं, पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि लोकांना ही घरं बारमाही वापरावीशी वाटू लागली. मग पडव्यांना काचा लागल्या, भिंतींच्या आत उबेसाठी थर भरले गेले, तापवायची यंत्रं आली, वरचा मजला वाढवला गेला. रॉस यांच्या घराची उघडी पडवी अशीच बंद झाली. मालकांना दोष देता येत नाही, त्यांना तिथे राहायचं होतं. पण पडवी बंद झाली की उन्हाळी घराचा जीवच जातो, हेही तितकंच खरं.

ओढ्यावरचं घर

मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठावर व्हाइटहॉल नावाचं गाव आहे. तिथेही शिकागोची मंडळी उन्हाळ्यात बोटीने येत. व्हाइट लेक या तळ्याजवळ राइट यांनी गर्ट्स आणि गेल या कुटुंबांसाठी काही लहान घरं बांधली. त्यांतलं 1902 मधलं जॉर्ज गर्ट्स यांचं घर मला फार विलक्षण वाटतं. दोन कुटुंबांसाठी एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं, आणि जागेतून बर्च ब्रूक नावाचा ओढा वाहत होता. दुसऱ्या कुणी घर ओढ्याच्या अलीकडे बांधलं असतं आणि खिडकीतून ओढा दाखवला असता. राइट यांनी घराचा एक भाग पुलासारखा ओढ्यावरच टाकला. बसायची जागा पाण्याच्या वर आली, पाण्याचा आवाज पायाखालून येऊ लागला.

‘फॉलिंगवॉटर’चा आराखडा 1935 चा. पाण्याकडे बघण्याऐवजी पाण्यावर राहायचं, ही त्यातली मूळ कल्पना लोक आजही अचंब्याने सांगतात. ती 33 वर्षं आधी, फळ्यांच्या एका साध्या उन्हाळी घरात येऊन गेली होती.

कागदावरच राहिलेली नौकाघरं

1923 मध्ये राइट यांनी कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराच्या एमराल्ड बे या भागासाठी एक अख्खी उन्हाळी वसाहत आखली. उंच सूचिपर्णी झाडांच्या आकाराशी नातं सांगणाऱ्या टोकदार छपरांच्या झोपड्या, आणि काठ सोडून थेट पाण्यावर तरंगणारी नौकाघरं. त्यांची रेखाटनं अप्रतिम आहेत. बांधलं मात्र काहीच गेलं नाही.

सेथ पीटरसनचं घर

आता थेट 1958. राइट नव्वदी ओलांडलेले. विस्कॉन्सिनमध्येच मिरर लेक नावाचं तळं आहे. डेल क्रीक या ओढ्यावर गिरणीसाठी 1860 च्या सुमारास बांध घातला तेव्हा ते तयार झालं. काठ वालुकाश्माच्या कड्यांचा, वर दाट झाडी. राइट यांचं राहतं ठिकाण, म्हणजे स्प्रिंग ग्रीनजवळचं टॅलिएसिन, इथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर.

सेथ पीटरसन हा विस्कॉन्सिनचा तरुण, जन्म 8 जून 1936 चा. राइट यांचा वाढदिवसही 8 जूनलाच. शाळकरी वयापासून त्याला राइट यांचं वेड होतं. टॅलिएसिनमध्ये शिष्य म्हणून जायची त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग त्याने राइट यांच्याकडून स्वतःसाठी घर आखून घ्यायचं ठरवलं. राइट कामात गढलेले, नकार देत राहिले. शेवटी त्याने 1,000 डॉलर आगाऊ पाठवून दिले. राइट यांच्या हातात पैसा टिकत नसे, ही रक्कमही खर्च होऊन गेली, आणि मग घर आखून देण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही, असं सांगतात.

घराचं क्षेत्रफळ अवघं 880 चौरस फूट. मुंबई-पुण्यातल्या दोन बेडरूमच्या बेताच्या फ्लॅटएवढं. राइट यांनी 1930 च्या दशकापासून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘यूसोनियन’ नावाने लहान घरं आखायला सुरुवात केली होती. मॅडिसनमधलं 1937 चं जेकब्स कुटुंबाचं घर 5,500 डॉलरमध्ये उभं राहिलं होतं. पीटरसनचं घर त्याच विचारातलं, पण आणखी आटवलेलं.

मधोमध वालुकाश्माचा भक्कम गाभा आहे. एका अंगाला चूल, पोटात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, पाठीमागे झोपायची जागा. उरलेलं सगळं घर या गाभ्याभोवती मोकळं. आत येताना माथ्यावर छत बुटकं असतं, माणूस नकळत आक्रसतो. दोन पावलं पुढे गेलं की छप्पर तळ्याच्या दिशेने वर चढत जातं आणि त्याच्या कडेपर्यंत काच चढत जाते. फरशीचे दगड काचेच्या अलीकडे जसे आहेत तसेच पलीकडे अंगणातही गेले आहेत, त्यामुळे घर कुठे संपलं ते डोळ्याला कळत नाही. 880 फुटांत मोठेपणा आणायचा तर तो भिंती लांब नेऊन आणता येत नाही, आधी दाबून मग मोकळं सोडूनच आणता येतो. साठ वर्षं घरं बांधणाऱ्या माणसाचं हे कसब आहे. डेलव्हनच्या पडवीने जे काम केलं तेच इथे काचेने केलं. चूल होती तिथेच राहिली.

राइट 9 एप्रिल 1959 रोजी गेले. घराचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. पीटरसनची पैशाची ओढाताण चालू होती आणि इतरही दुःखं होती. 1960 मध्ये, वयाची पंचविशीही गाठण्याआधी त्याने आपलं आयुष्य संपवलं. ज्या घरासाठी त्याने एवढी धडपड केली, त्यात राहणं त्याच्या नशिबी नव्हतं.

तीस वर्षांनी जाग

पुढच्या मालकाने घर पुरं केलं. 1966 मध्ये मिरर लेक राज्य उद्यानासाठी सरकारने ती जमीन घेतली, घर तिच्याबरोबर आलं. उद्यानाला त्याचा उपयोग नव्हता. दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि ते जवळपास दोन दशकं तसंच पडून राहिलं. छप्पर कुजलं, काचा फुटल्या. 1981 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं, पण यादीत नाव आल्याने गळकं छप्पर दुरुस्त होत नाही.

ते वाचवलं आसपासच्या लोकांनी. 1989 मध्ये स्थानिक रहिवाशांनी सेथ पीटरसन कॉटेज कॉन्झर्व्हन्सी ही संस्था काढली, सरकारकडून घर चालवायला घेतलं, शिकागोचे वास्तुकार जॉन आयफलर यांना बोलावलं. स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी येऊन राबले. दगडी भिंती शाबूत होत्या, छप्पर मात्र नवं करावं लागलं. फरशीचे दगड उचलून त्यांखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकल्या, म्हणजे जमीनच ऊब देऊ लागली. जमिनीखालून ऊब देण्याची ही पद्धत राइट यांच्या आवडीची. जपानमध्ये एका सरदाराच्या घरी, कोरियन पद्धतीच्या खोलीत त्यांनी ती प्रथम अनुभवली होती आणि यूसोनियन घरांत ती आवर्जून वापरली. हिवाळ्याचा जो प्रश्न डेलव्हनच्या घरांची पडवी खाऊन सुटला, तो इथे घराच्या रूपाला धक्का न लावता सुटला.

सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय वापराचा होता. घराचं संग्रहालय करता आलं असतं, दोऱ्या बांधून आतलं फर्निचर लांबून दाखवता आलं असतं. संस्थेने ते 1992 पासून मुक्कामासाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. राइट यांचं घर अशा रीतीने कुणालाही राहायला मिळण्याची ही पहिलीच वेळ. येणाऱ्या भाड्यातून देखभाल होते. शिवाय उन्हाळी घर कळतं ते त्यात सकाळ झाल्यावर, चूल पेटवल्यावर, पाऊस पडत असताना काचेशी बसल्यावर. मार्गदर्शकाच्या मागे वीस मिनिटं फिरून ते कळत नाही. त्यानंतर राइट यांची आणखी काही घरं मुक्कामासाठी खुली झाली, ती याच वाटेने.

जायचं असेल तर

शिकागो आणि तिच्या उपनगरांत मोठी मराठी वस्ती आहे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटर पार्कला जाणं हा त्यांतल्या अनेक घरांचा ठरलेला कार्यक्रम असतो. शिकागोहून डेल्स साधारण तीन तासांवर, आणि मिरर लेक राज्य उद्यान डेल्सच्या अगदी शेजारी. सेथ पीटरसनचं घर त्याच उद्यानात आहे. मुक्काम करायचा असेल तर आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागतं. नुसतं पाहायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ते लोकांसाठी उघडतात, निघण्याआधी वेळ तपासून घ्यावी. तिथून टॅलिएसिन जवळ आहे, एकाच फेरीत दोन्ही होतं.

डेलव्हनची पाचही घरं खासगी आहेत आणि आजही कुटुंबांच्या वापरात आहेत. ती रस्त्यावरून पाहिलीत तर पाठच दिसेल, कारण त्यांचं तोंड पाण्याकडे आहे. डेलव्हनला गेलात तर बोट घ्या आणि दक्षिण काठाने सावकाश जा. मात्र कुणाच्या धक्क्याला बोट लावू नका आणि अंगणात पाऊल ठेवू नका.